भरलेलं पापलेट ओव्हनमध्ये: पाणी सुटतं, सारण कच्चट राहतं. नेमकं कसं करायचं?

सोलकढी

भरलेलं पापलेट तव्यावर नीट होतं, तेच ओटीजीमध्ये ठेवलं की तीन गोष्टी बिघडतात. ट्रेमध्ये पाणी साचतं, वरची कातडी पांढरट आणि ओलसर राहते, आणि आतल्या चटणीला कच्च्या लसणाचा वास येतो. वेळ वाढवला तर चटणी शिजते, पण शेपटीकडचा मासा कोरडा होऊन धाग्याधाग्याने सुटतो.

ओटीजी २८ लिटरचा आहे, वर-खाली रॉड आणि पंखा. पापलेटं साधारण ४०० ग्रॅमची, चार, सहा जणांसाठी. सध्याची पद्धत अशी: साफ करून हळद-मीठ-लिंबू लावून तासभर ठेवणं, कच्ची हिरवी चटणी भरणं, फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांवर ३० मिनिटं.

कुठे चुकतंय? आणि पापलेट न मिळाल्यास दुसरा कोणता पांढरा मासा भरून भाजायला चांगला?

---

मापटं

सोलकढी, तुमच्या पद्धतीतल्या चार पायऱ्या बदलल्या की बहुतेक सगळं मार्गी लागेल.

पहिली पायरी लिंबाची. मीठ आणि लिंबू तासभर लावून ठेवलं की मीठ माशातलं पाणी ओढून काढतं आणि लिंबामुळे वरचा थर आधीच 'शिजल्यासारखा' पांढरा, खडूसारखा होतो. तो थर भट्टीत पुन्हा शिजतो आणि कोरडा पडतो. ४०० ग्रॅमच्या माशाला सपाट पाऊण चमचा मीठ आणि पाव चमचा हळद (चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा), फक्त १५ मिनिटं. मग जे पाणी सुटलं असेल ते टिपून टाकायचं. लिंबू सारणात थोडं आणि बाकी ताटात.

दुसरी, कच्ची चटणी. तव्यावर चटणीचा कडेने बाहेर आलेला भाग तेलात तळला जातो, म्हणून तिथे ती खपून जाते. ओव्हनमध्ये माशाच्या पोटात तापमान फार तर साठ-पासष्ट अंशांपर्यंत जातं. तेवढ्यात लसूण, आलं, मिरची शिजत नाही, फक्त गरम होते. म्हणून भट्टीत जाणारं सारण आधी शिजवलेलं, कोरडं आणि गार हवं. या धाग्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

तिसरी, फॉइल. बंद फॉइलमध्ये मासा भाजला जात नाही, वाफवला जातो. सुटलेलं पाणी जाणार कुठे?

चौथी, १८० अंश. पापलेटासारख्या चपट्या माशाला हे कमी आहे. कातडी सुकून रंग धरेपर्यंत आतला मासा जास्त शिजून जातो. २१० अंश ठेवा आणि वेळ कमी करा. सारण भरल्यावर सगळ्यात जाड जागी पट्टी उभी धरून जाडी मोजा. दर अडीच सेंटीमीटरला १२ ते १३ मिनिटं. ४०० ग्रॅमचं पापलेट भरल्यावर साडेतीन ते चार सेंटीमीटर होतं, म्हणजे १८ ते २० मिनिटं. तीस नाही.

---

खाडीकाठ

मापटं यांना अनुमोदन, पण आधी मासा कापायचं बोलू. निम्मं काम तिथे असतं.

बाजारात 'भरायला हवंय' एवढंच सांगितलं तर बहुतेक वेळा कोळीणताई पापलेटाच्या एका अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध चीर देऊन दोन्हीकडे खिसे करून देतात. तव्यासाठी ते ठीक. ओव्हनमध्ये मात्र ती चीर वरच्या बाजूला उघडी पडते, सारण वरून करपतं आणि माशाचा रस तिथूनच उडून जातो. म्हणून सांगताना 'पाठीकडून चीर द्या, पोट फोडू नका' असं सांगा. पोटातली घाण आणि कल्ले कल्ल्याजवळच्या लहान चिरेतून निघतात. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, फुटली तर आजूबाजूचं मांस कडू होतं आणि ते धुऊन जात नाही.

घरी कापायचं असेल तर असं करा. पापलेटाची पाठ आपल्याकडे, डोकं डाव्या हाताला. पातळ, लवचीक पात्याची सुरी घ्या, जाड सुरीने मांस फाटतं. पाठीच्या पराच्या अगदी वरच्या कडेने, डोक्यामागे बोटभर अंतरावर सुरीचं टोक घाला आणि शेपटीच्या दोन बोटं अलीकडे थांबा. आता पातं आडवं, काट्यांना टेकवून, छोट्या छोट्या ओढीने आत न्या. पातं काट्यांवरून सरकताना कंगव्यावर नख फिरवल्यासारखी करकर लागते. ती लागत राहिली पाहिजे. करकर थांबली म्हणजे सुरी मांसात शिरली, थांबा आणि पातं पुन्हा खाली टेकवा. मधला काटा लागला की त्याच्या उंचवट्यावरून पलीकडे उतरून पोटाच्या कडेपासून एक सेंटीमीटर अलीकडे थांबायचं. मासा उलटून दुसऱ्या बाजूने तसंच.

आता काट्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन खिसे तयार झाले. काटा ठेवायचा असेल तर दोन्हीकडे सारण भरा. काढायचा असेल तर कात्रीने डोक्याजवळ आणि शेपटीजवळ मधला काटा कापून अख्खी जाळी उचलून घ्या. माझं मत काटा ठेवावा असं आहे. मासा आकसत नाही, वाढताना तुटत नाही, आणि काट्यालगतचं मांस रसाळ राहतं. लहान मुलं जेवणार असतील तर काढा.

धुवायचं ते चीर देण्याआधी. चीर दिल्यावर नळाखाली धरलं की खिशात पाणी भरतं आणि तेच पुढे ट्रेमध्ये दिसतं. खिसा आतून कागदी रुमालाने किंवा स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपा.

---

सोलकढी

खूप उपयोगी, दोघांनाही धन्यवाद. कापल्यावर धुणं हेही इथे होत होतं. हिरव्या चटणीचं प्रमाण द्याल का? शिजवली तर हिरवा रंग जातो ना? आणि एका पापलेटात सारण किती मावतं?

---

पानगी

४०० ग्रॅमच्या एका पापलेटात ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे जेवणाचे भरगच्च तीन चमचे. जास्त कोंबलं तर गरम झाल्यावर सारण फुगतं आणि पोटाची कड फाटते. भरल्यावर मासा वरून हलकेच फुगीर दिसावा, ताणलेला दिसू नये.

चार माशांसाठी हिरवं सारण: खवलेला ओला नारळ १०० ग्रॅम (एक वाटी दाबून), कोथिंबीर कोवळ्या काड्यांसकट ६० ग्रॅम, तिखट हिरव्या मिरच्या ६, लसूण १० पाकळ्या, आलं एक इंच, जिरं एक चमचा, डाळवं २ मोठे चमचे, मीठ एक चमचा, साखर अर्धा चमचा.

आधी डाळवं आणि जिरं कोरडंच बारीक करून बाजूला ठेवा. बाकी सगळं पाणी अजिबात न घालता वाटा. मिक्सर फिरत नसेल तर थांबून चमच्याने खाली ढकला, फार तर एक मोठा चमचा तेल घाला. वाटण थोडं भरड राहिलेलं चांगलं, गंधासारखं झालं की पाणी सोडतं. रुंद कढईत दोन मोठे चमचे तेलावर मध्यम आचेवर ४ मिनिटं परता. लसणाचा उग्र वास जाऊन कडेला तेल दिसू लागलं की डाळव्याचं पीठ घालून गॅस बंद. ताटात पसरून पूर्ण गार करा. डाळवं उरलेला ओलावा धरून ठेवतं. बेसन नको, ते कच्चट लागतं.

रंगाबद्दल: थोडा उतरणारच. पण हिरवा रंग काळपट होतो तो मुख्यतः आंबटामुळे. म्हणून लिंबू वाटताना घालू नका, सारण गार झाल्यावर दोन चमचे रस मिसळा. ताटात पसरून गार करण्याचाही रंगाला फायदा होतो, कढईत ढीग तसाच ठेवला तर तो आपल्याच वाफेत काळवंडतो.

गरम सारण माशात कधीही भरू नका. आतून मासा कोमट होतो, अर्धवट शिजतो आणि ओव्हनमध्ये जाईपर्यंत खराब व्हायची भीती असते.

---

तिरफळ

कोळंबी भरणार असाल तर हा नियम आणखी कडक. माशाचा मांसल भाग ६३ अंशांना पूर्ण शिजतो, पण कच्चा समुद्री जिन्नस भरलेलं सारण सुरक्षित व्हायला ७४ अंशांपर्यंत जावं लागतं. कच्ची कोळंबी भरली तर दोनच गोष्टी होतात: मासा नीट आणि सारण कच्चं, किंवा सारण शिजलेलं आणि मासा चोथा.

चार पापलेटांसाठी सोललेली, धागा काढलेली लहान कोळंबी २०० ग्रॅम. करंदी उत्तम, मोठी असेल तर मटाराएवढी चिरा. हळद-मीठ लावा. दोन मोठे चमचे तेलावर एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून बदामी करा, आलं-लसणाचं वाटण दोन चमचे, मिनिटभर. मग आच मोठी करून कोळंबी आणि आगरी-कोळी मसाला दीड चमचा. कोळंबी आकसून पाणी सोडते. ते पाणी मोठ्या आचेवरच आटवा. झाकण ठेवू नका. शेवटी दोन-तीन कोकमं बारीक चिरून, कोथिंबीर, दोन मोठे चमचे खोबरं. सारण चमच्यावर घेऊन तिरपं केलं तर एक थेंबही ओघळता कामा नये.

कोळंबी माशाच्या पोटात पुन्हा तापणार आहे, म्हणून तीन मिनिटांवर जाऊ देऊ नका, वातड होते.

तिखट-आंबट आवडत असेल तर गोव्याचा रेशाद. पोर्तुगीज शब्दाचा अर्थच 'भरलेलं'. हा मसाला बांगड्यात भरतात तसाच पापलेटातही बसतो. बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या १५, जिरं एक चमचा, मिरे १२, लवंगा ५, दालचिनी एक इंच, लसूण १० पाकळ्या, हळद अर्धा चमचा, सुपारीएवढी चिंच, साखर एक चमचा, मीठ एक चमचा, आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर अर्धी वाटी. बिया काढलेल्या मिरच्या व्हिनेगरमध्ये दोन तास भिजवा आणि त्याच व्हिनेगरमध्ये सगळं वाटा, पाण्याचा थेंब नको. हे वाटण ओलं असतं, म्हणून ओव्हनसाठी एक बारीक चिरलेला कांदा तेलात लालसर करून त्यात सहा-सात मिनिटं परतून घट्ट करा. चमच्याला चिकटून राहिलं पाहिजे. रेशाद तीव्र असतो, माशाला दीड मोठा चमचा पुरे. भरून १५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, व्हिनेगर आतून मांस पिठूळ करतं.

---

सोलकढी

आता भाजण्याबद्दल. फॉइल नको तर ट्रेला मासा चिकटणार नाही का? केळीचं पान चालेल? आणि वरून रवा लावला तर ओव्हनमध्ये कुरकुरीत होतो का?

---

मापटं

ट्रे ओव्हनमध्येच ठेवून २२० वर १५ मिनिटं तापवा, दोन्ही रॉड आणि पंखा चालू. माशाला दोन्ही बाजूंनी तेल चोळा (एका माशाला दोन चमचे), मगच बेकिंग पेपरवर ठेवून तो कागद उचलून गरम ट्रेवर सरकवा. खालची बाजू लगेच चरचरते आणि सुटणारं पाणी जागीच उडतं. गार ट्रेवर ठेवलेला मासा पहिली पाच-सात मिनिटं नुसता घाम गाळत बसतो.

कागदाबद्दल सावध राहा. दुकानात 'बटर पेपर' नावाने जे मिळतं ते बऱ्याचदा साधं तेलकट कागद असतं, भट्टीत माशाला चिकटतं आणि कडेने करपतं. पुडीवर ओव्हनमध्ये चालतो आणि किती अंशांपर्यंत, हे लिहिलेला बेकिंग पार्चमेंट घ्या.

फॉइलचा आणखी एक तोटा. कोकम, चिंच, व्हिनेगर, लिंबू आणि मीठ थेट ॲल्युमिनियमला लागलं की फॉइलला बारीक भोकं पडतात आणि माशाला धातूची चव येते. फॉइल वापरायचीच झाली तर मध्ये केळीचं पान घाला.

मासा आत गेला की तापमान २१० करा. मधला खण. १५ मिनिटांनी ट्रे वरच्या खणात घेऊन फक्त वरचा रॉड, २३० वर, ३ ते ४ मिनिटं. रंग त्याच वेळात येतो. दारातून बघत राहा, हिरवी चटणी बाहेर आलेली असेल तर ती आधी काळी पडते. मासा उलटायचा नाही.

आणि ओटीजीच्या खटक्यावर विश्वास ठेवू नका. २०० वर ठेवलेला लहान ओव्हन प्रत्यक्षात १८० किंवा २२० असणं अगदी नेहमीचं आहे. आत ठेवायचा साधा ओव्हन-तापमापक स्वस्तात मिळतो, तो घ्या. त्याशिवाय इथल्या कोणाचीही मिनिटं तुमच्याकडे तंतोतंत लागू होणार नाहीत.

---

पानगी

रवा नुसता वर भुरभुरवला तर ओव्हनमध्ये पांढराच राहतो, कारण त्याला तळायला तेल नाही. जाड रवा दोन मोठे चमचे, तांदळाचं पीठ एक मोठा चमचा, लाल तिखट अर्धा चमचा, चिमूट मीठ आणि एक मोठा चमचा तेल बोटांनी चोळून कढईत मंद आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंत परता. मग तेल लावलेल्या माशाच्या फक्त वरच्या बाजूला हलक्या हाताने दाबा. एवढं दोन माशांना पुरतं. खालच्या बाजूला लावू नका, तिथे भिजून लगदा होतो.

केळीचं पान मात्र वेगळा पदार्थ आहे हे लक्षात घ्या. पारशांची पात्रा नी मच्छी पानात वाफवतात, तिची मजाच त्या मऊपणात आहे. पानात गुंडाळलं तर कुरकुरीत कातडीची अपेक्षा ठेवू नका, त्या बदल्यात वास आणि रस मिळतो. हिरव्या सारणाला पान फार शोभतं, रेशादला उघडी भट्टी.

पानाचा मधला दांडा काढा, गॅसच्या ज्योतीवरून हळूहळू फिरवा. रंग गडद होऊन पान चमकू लागतं आणि चामड्यासारखं वळतं. न शेकलेलं पान घडीवर फाटतं. आतून तेल लावा, पुडी बांधून घडी खाली ठेवा, वरून पाण्याचा हात फिरवा. पानात ५ मिनिटं जास्त: २१० वर २३ ते २५. शेवटी पान कात्रीने वरून उघडून ३ मिनिटं वरच्या रॉडखाली ठेवलं तर दोन्हींतलं थोडं थोडं मिळतं.

---

दूरदेशी

भारताबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. इथे दुकानात गोठवलेलं 'पोम्फ्रेट' म्हणून पुष्कळदा गोल्डन पॉम्पानो मिळतो. परांची पिवळी झाक, शेपटी खोल दुभंगलेली, अंग पापलेटाहून जाड. मासा वाईट नाही, तेलकट आहे आणि भाजायला सोपा, पण चव पापलेटाची नाही आणि ४ ते ५ मिनिटं जास्त लागतात.

पापलेटाच्या जवळ जायचं असेल तर ताजा सी ब्रीम, ४०० ते ५०० ग्रॅमचा. त्याचे खवले मोठे असतात, दुकानातच काढून घ्या. पोट उघडलेलंच असतं, म्हणून सारण पोटात भरून सुती दोऱ्याने तीन ठिकाणी बांधा. २०० ते २१० वर २० मिनिटं. सी बास लांबट असतो, त्यात सारण कमी मावतं.

कॉड, हॅडॉकच्या लाद्या भरू नका, त्यांचे पापुद्रे सुटतात. सारण वर थापून भाजा.

गोठवलेला कुठलाही मासा फ्रिजमध्येच, भांड्यावर चाळणी ठेवून त्यात, रात्रभर सुटू द्या. कोमट पाण्यात घाईने सोडवलेला मासा भट्टीत दुप्पट पाणी टाकतो.

---

खाडीकाठ

पापलेटाला पर्याय विचारलेत, तर सहा जणांसाठी माझी पहिली पसंती जिताडा. पेण-अलिबागकडे खारेपाटातल्या तळ्यांमध्ये वाढवतात, गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. अंगात चरबी असल्याने ओव्हनमधली दोन-तीन मिनिटांची चूक पोटात घालतो, पापलेट घालत नाही. सव्वा किलोचा एक मासा घेतला की चार पापलेटांची कसरतच नको.

खवले जाड असतात, काढून घ्या. पोट साफ करून आतला काळसर पापुद्रा आणि काट्यालगतची रक्ताची रेघ बोटाने खरवडा, वास तिथे असतो. तळ्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो, तो जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि आंबटाने ते मोडतं. अशा माशाला एक मोठा चमचा कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ १० मिनिटं चोळून धुऊन पुसा. इथे आंबट वापरणं योग्य, फक्त वेळ पाळा.

दोन्ही अंगांना जाड भागावर दोन बोटांच्या अंतराने तीन-तीन तिरप्या चिरा, काट्यापर्यंत. पोटात १५० ग्रॅम सारण. चिरांमध्येही थोडं चोळा, नाहीतर वरचं जाड मांस अळणी राहतं. २०० वर ३२ ते ३५ मिनिटं, शेवटची ४ वरच्या रॉडखाली. २८ लिटरच्या ट्रेमध्ये सव्वा किलोचा मासा तिरपा ठेवला तरी शेपटी बाहेर येऊ शकते, शेपटी कापा किंवा तिला पान गुंडाळा.

तांबोशी आणि हेकरूही छान भाजले जातात, मांस घट्ट. रावस अख्खा मोठा असतो, त्याची पाऊण किलोची मधली खांड घेऊन खिसा करून भरा. बासाच्या लाद्या असतील तर कापडात दाबून पाणी काढा, सारण पसरून गुंडाळी करा, जोड खाली ठेवून २०० वर १४ मिनिटं. बोंबील या कामाला घेऊ नका, अंगात पाणीच फार.

खरेदी करताना: कल्ल्याजवळ दाबून पांढरट पाणी आलं तर पापलेट ताजं, लालसर आलं तर सोडून द्या. अंगावर रुपेरी चकाकी, डोळा फुगीर. आणि कृपया तळहाताहून लहान पापलेटं घेऊ नका. २०२३ मध्ये सिल्व्हर पापलेटाला महाराष्ट्राचा राज्य मासा जाहीर केलं ते त्याची घटती संख्या बघूनच. लहान मासा भरायलाही नालायक, खिसा होतच नाही. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तळ्यातला जिताडा हाच शहाणपणाचा पर्याय.

---

तिरफळ

शिजलाय की नाही हे ओळखायचं राहिलं. घड्याळापेक्षा हे पाहा.

पाठीचा पर चिमटीत धरून ओढा. शिजला असेल तर पर काट्यासकट अलगद हातात येतो. अडकला तर दोन मिनिटं आणखी. मग डोक्यामागे, सगळ्यात जाड जागी, सुरीचं टोक मधल्या काट्यापर्यंत घालून पाच सेकंद धरा आणि ओठाला लावा. कोमट लागलं तर कच्चा, चांगलं गरम लागलं तर झाला. टोकाने मांस किंचित उघडून बघा: काट्यालगत काचेसारखी पारदर्शक गुलाबी रेघ अगदी बारीक असेल तर आताच बाहेर काढा, ती बाहेर ठेवल्यावर चार मिनिटांत जाते. तापमापक असेल तर जाड भागात ६० दिसताच काढा, बाहेर ६३ पर्यंत जातं.

अंगावर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके बाहेर येऊ लागले म्हणजे आच जास्त झाली किंवा वेळ झाला.

काढल्यावर ४ मिनिटं तसाच ठेवा, झाकू नका. ट्रेमध्ये उतरलेला दोन-तीन चमचे रस फेकू नका, त्यात लिंबू पिळून माशावर घाला.

---

सोलकढी

सगळं लिहून घेतलं. शेवटचे तीन प्रश्न. चार पापलेटं एकदम दोन ट्रेमध्ये लावली तर? आदल्या रात्री भरून ठेवता येतील? आणि घरात मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन आणि एअरफ्रायरही आहे, त्यात काही फरक?

---

मापटं

दोन ट्रे नको. २८ लिटरमध्ये वरचा ट्रे खालच्यावर झाकण होतो, वर रंग येतो आणि खाली वाफ साठते. दोन-दोनच्या दोन खेपा करा, दोन माशांमध्ये दोन बोटं अंतर. पहिली खेप ४ मिनिटं ठेवून ताटात काढेपर्यंत ट्रे पुन्हा तापतो. पहिली जोडी वाढण्याआधी २१० वर २ मिनिटं आत सरकवली की गरम होते, त्याहून जास्त नको.

रात्रभर भरून ठेवू नका. सारणातलं मीठ आणि आंबट आतून मांस मऊ करतं, पाणी सुटतं, आणि कोळंबी असेल तर ते सुरक्षितही नाही. सारण आदल्या दिवशी करून डब्यात, मासे साफ करून, चीर देऊन, पुसून चाळणीवर वेगळे, दोन्ही फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये उघडी राहिलेली कातडी सुकते, ते उलट चांगलंच, रंग लवकर येतो. फक्त बाकीचे पदार्थ नीट झाकलेले असू द्या. मीठ लावायचं ते भाजण्याच्या १५ मिनिटं आधीच.

मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन वापरा, २०० किंवा २२०, ठेंगणी जाळी, २२ ते २४ मिनिटं. मिश्र मोडमध्ये सूक्ष्मलहरींनी आतलं पाणी आधी उसळतं आणि मासा वाफाळून रबरी होतो. बऱ्याच यंत्रांत खालचा रॉड नसतो, म्हणून खालची बाजू मऊच राहणार.

---

पानगी

एअरफ्रायरमध्ये ३५० ग्रॅमपर्यंतचं एकच पापलेट बसतं, टोपलीच्या चारही बाजूंनी हवा फिरायला हवी. १८० वर १४ मिनिटं, मग २०० वर ३. पंखा जोरदार असतो, त्यामुळे भुरभुरवलेला रवा उडतो आणि पान सुटून वर रॉडला चिकटतं. पानाची पुडी दोऱ्याने बांधा. पानाशिवाय केलं तर टोपलीला नाही, माशाला तेल लावा.

दोरा पांढरा सुती घ्या, रंगीत किंवा नायलॉन नको. टूथपिक लावणार असाल तर २० मिनिटं पाण्यात भिजवा, आणि किती लावल्या ते मोजून ठेवा. तेवढ्याच बाहेर काढून मगच ताटात वाढा.